नाव झाकणारा पडदा



चित्रपट ही केवळ करमणूक होय, तिचा आपल्या धम्माशी आणि हक्कांशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. परंतु ज्या घरात अद्याप पुस्तक पोहोचलेले नाही, त्या घरातही आज चित्रपट पोहोचला आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील वाडीवस्तीवर तो मोबाइलच्या काचेवर अवतरतो. आपली मुले ती काच तासन्‌तास पाहतात आणि जगात आपली जागा कोणती, याचा अंदाज तिच्यावरून बांधतात. तेव्हा त्या काचेवर आपल्याविषयी काय सांगितले जात आहे, हे पाहणे आईबापांचे कर्तव्य ठरते.

मी चित्रकलेचा किंवा नाट्यकलेचा जाणकार नव्हे. सवड मिळेल तेव्हा चित्रपट पाहणारा एक साधा प्रेक्षक आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतील काही देशी व अमेरिकन चित्रपट पाहिल्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती आपणापुढे ठेवतो. या चित्रपटांतून निरनिराळ्या रूपांनी एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो: तुझे पूर्ण नाव काय? हा प्रश्न आपणास अपरिचित नाही. पुण्यामुंबईस किंवा हैदराबादेस कामाला गेलेल्या आपल्या मुलांना भाड्याची खोली पाहताना तो ऐकावा लागतो. या प्रश्नाला चित्रपट कोणते उत्तर देतो, यावरून मी त्याची किंमत करतो.

प्रथम, चित्रपट स्वतःच नाव कसे झाकतो ते पाहा. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 2016 साली आला. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातील मुलगा यांच्या प्रेमाची ती कथा. तिचा शेवट रक्तात होतो आणि ते रक्त कोणी व का सांडले, हे लहान मुलासही समजते. दोनच वर्षांनी याच कथेवरून हिंदीत 'धडक' निघाला. गाणी राहिली, प्रेम राहिले, श्रीमंतीचा थाट वाढला. जात मात्र जवळजवळ नाहीशी झाली. ज्या कारणाने माणसे मारली जातात ते कारणच काढून टाकले, तर उरते ती केवळ एक दुःखद दुर्घटना, आणि दुर्घटनेचा दोष कोणाच्याही माथी येत नाही.

दुसरे उदाहरण 2025 सालचे. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा चित्रपट जोतीरावांच्या जयंतीस, 11 एप्रिल रोजी, प्रदर्शित व्हावयाचा होता. तो दोन आठवडे लांबून 25 एप्रिलला आला. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला होता, आणि परीक्षण मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' यांसारखे शब्द काढावयास सांगितले होते. ज्या महापुरुषाने आपले आयुष्य या शब्दांमागील दुःख जगास सांगण्यात वेचले, त्याच्याच चरित्रात ते शब्द चालू नयेत! दुखणे कायम ठेवावे आणि दुखण्याचे नाव तेवढे पुसावे, ही रीत आपणास नवी नाही.

आता चित्रपटांतील माणसांकडे वळू. मराठी घरात जन्मलेले आणि हैदराबादेत वाढलेले दिग्दर्शक नीरज घायवान यांनी हा विषय विशेष आस्थेने हाताळला आहे. 2021 सालच्या त्यांच्या 'गीली पुच्ची' या लघुचित्रपटात भारती मंडल नावाची कारखान्यातील कामगार स्त्री आहे. कचेरीतील कामास लागणारी पात्रता तिच्यापाशी आहे, परंतु ती जागा दुसरीस मिळते. नव्या मैत्रिणीला ती आपले आडनाव बॅनर्जी असे सांगते. पुढे त्याच मैत्रिणीच्या घरी तिला वेगळ्या भांड्यात चहा मिळतो. आपल्यातील वडीलधाऱ्यांना त्या भांड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

घायवान यांचाच 'होमबाउंड' 2025 साली आला. चंदन आणि शोएब हे दोन मित्र पोलीस शिपायाच्या नोकरीसाठी धडपडतात, पुढे सुरतेस मजुरी करतात आणि 2020 च्या टाळेबंदीत गावाकडे निघतात. चंदनला पूर्ण नाव विचारले की त्याची जीभ अडखळते. अर्ज भरताना आपल्या हक्काचा वर्गही लिहावयास तो कचरतो. जो हक्क घटनेने दिला, तो मागण्याचीच लाज वाटावी, याहून मोठा विजय अस्पृश्यता मानणाऱ्यांना कोणता हवा? हा प्रसंग पाहताना आपल्या घरातील पदवीधर मुलांकडे एकवार पाहावे, अशी माझी विनंती आहे.

हा आजार केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन्हीकडचे दुःख एकाच जातीचे आहे हे त्यांनी ओळखले होते. 'पासिंग' (2021) हा अमेरिकन चित्रपट पाहा. 1929 सालच्या नेला लार्सन यांच्या कादंबरीवरून तो घेतला आहे. उजळ कातडीची एक कृष्णवर्णीय स्त्री गोरी म्हणून वावरते आणि कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्याशी संसार करते. तिला सुखसोयी मिळतात, परंतु स्वतःच्या माणसांत मोकळेपणाने हसण्यासाठी तिला चोरून यावे लागते, आणि तिचा शेवट भयंकर होतो. 'अमेरिकन फिक्शन' (2023) मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने येते. एका विद्वान कृष्णवर्णीय लेखकाच्या गंभीर पुस्तकांना गिऱ्हाईक नाही. तो चिडून, खोटे नाव घेऊन, गुन्हेगारी आणि दैन्य यांनी भरलेले एक भडक पुस्तक लिहितो, आणि गोरे वाचक त्याला डोक्यावर घेतात. आपल्याकडील पडद्यालाही आपले रडणे प्रिय आहे. आपले शहाणपण त्याला क्वचितच दिसते.

या दोन देशांचे नाते उघडपणे सांगणारा चित्रपट म्हणजे आव्हा डुव्हर्ने यांचा 'ओरिजिन' (2023). इझाबेल विल्करसन यांच्या जातिव्यवस्थेवरील पुस्तकावर तो आधारलेला आहे. त्यात बाबासाहेबांचे पात्र आहे, आणि आपल्या शेजारच्या नांदेडचे विद्वान सूरज एंगडे हे स्वतःच्याच नावाने त्यात दिसतात. नांदेडचा एक मुलगा अमेरिकन पडद्यावर आपले नाव न बदलता उभा राहतो, हे आपल्या मुलांना अवश्य दाखवावे.

नाव झाकणाऱ्यांचा मी धिक्कार करीत नाही. घरमालक दार लावून घेतो, तेव्हा उपाशी मुलाने कोणते नाव सांगावे, याचा उपदेश पोटभर जेवलेल्याने करू नये. दोष विचारणाऱ्याचा आहे. तथापि आपणासारख्या नवदीक्षित कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. इतरांनी लादलेले नाव टाकून आपण स्वतः निवडलेले नाव धारण केले आहे. जे नाव आपण हौसेने घेतले, तेच कचेरीच्या दारात लपवावयाचे असेल, तर दीक्षेने आपल्या जीवनात काय पालट घडविला? शिवाय, बौद्ध असे लिहिल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, ही भीती अद्यापही काहींच्या मनात आहे. ती काढून टाकावी. 1990 साली केंद्राने कायदा करून बौद्धांनाही त्या सवलती लागू केल्या आहेत.

मराठवाड्याच्या माणसाला नावाचे मोल वेगळे सांगावयास नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून 1978 पासून 14 जानेवारी 1994 पर्यंत येथे लढा चालला. खेडोपाडी घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, आणि ती झळ आपल्याही वस्त्यांनी सोसली. एका नावासाठी वडिलांनी सोळा वर्षे झुंज दिली, आणि मुलाने मात्र आपले नाव अर्धेच सांगावे, हे शोभत नाही.

सुदैवाने, नाव उघडपणे सांगणारी दृश्येही आता येऊ लागली आहेत. मंजुळे यांच्या 'झुंड' (2022) मध्ये नागपूरच्या वस्तीतील भीमजयंती थाटामाटाने पडद्यावर येते. 'मेड इन हेवन' या मालिकेच्या 2023 सालच्या भागात, घायवान यांच्याच दिग्दर्शनाखाली, एक विदुषी बौद्ध पद्धतीने विवाह करण्याचा आग्रह धरते आणि तो तडीस नेते. आपले मंगल प्रसंगही पाहण्यासारखे आहेत, हे मुलींना यावरून कळेल. मंजुळे यांच्या 'फँड्री'त मेलेले डुक्कर वाहून नेणारी माणसे शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेबांच्या चित्रावरून जातात, तेव्हा कोणी काही बोलत नाही. त्या ठिकाणी मोबाइल थांबवावा आणि मुलाला विचारावे की, त्या चित्रातील पुरुष भिंतीवरच राहिला, की आपल्या घरातही आला?

म्हणून माझी सूचना अशी की, चित्रपट मुलांना एकट्याने पाहू देऊ नका. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि घरातील सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहा. संपल्यावर तीन प्रश्न विचारा. यातील माणसांना पूर्ण नाव आहे काय? अन्याय करणाऱ्याचे नाव यात सांगितले आहे काय? आणि यातील आपला माणूस स्वतःच्या बुद्धीने उभा राहिला, की दुसऱ्या कोणी त्याला हात धरून उठविले? जो चित्रपट या तीन प्रश्नांना उतरेल, तो दोनदा पाहावा. जो उतरणार नाही, तोही पाहावा, परंतु त्याचे खोटे मुलांना दाखवून द्यावे. आणि उद्या मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी निघेल तेव्हा त्याच्या पिशवीत भाकरीबरोबर एवढी एक सवयही बांधून द्यावी, की कोणी नाव विचारले तर ते पुरते आणि मान वर करून सांगावे.

जय भीम.