एका गाण्याची कैफियत

गतकालाच्या ओढीने ऐकले जाणारे लोकप्रिय गीत मुळात निकृष्टच असले पाहिजे, कारण त्यात काही कस असता तर त्याला श्रोत्यांच्या आठवणींचा जामीन लागलाच नसता, असा सिद्धान्त नुकताच मोठ्या आत्मविश्वासाने मांडण्यात आला आहे. आणि त्याच्या सिद्धीसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे ते स्लेड या इंग्रज वाद्यवृंदाचे १९७३ सालचे 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' हे गीत. फिर्याद थोडक्यात अशी: हे गीत ज्या पठडीतले ती ग्लॅम रॉक म्हणजे चमकी, उंच टाचा आणि आरडाओरडा, हे गीत म्हणजे नाताळच्या बाजारासाठी बेतून काढलेला माल, ज्या हिवाळ्यात ते गाजले तो इंग्लंडच्या दैन्याचा हिवाळा, तेव्हा त्याची गोड आठवण काढणारे आत्मवंचना करतात, आणि ज्यांचा जन्मच त्यानंतर झाला ते तर वडीलधाऱ्यांचे उसासे उसने घेऊन फिरतात.

चमकीच्या आक्षेपास एक वाक्य पुरे आहे. पोशाख भडक म्हणून चाल पोकळ, हा न्याय मान्य केला तर बालगंधर्वांच्या शालू-शेल्यांसह आपली निम्मी संगीत रंगभूमी जप्त करावी लागेल.

दैन्याच्या हिवाळ्याचा मुद्दा मात्र तपशिलात शिरूनच तपासला पाहिजे, कारण आक्षेपकांची सारी भिस्त त्याच्यावर आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला, नोव्हेंबरात ब्रिटनच्या खाणकामगारांनी जादा कामावर बहिष्कार घातला, आणि १३ डिसेंबरला पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी जाहीर केले की नव्या वर्षापासून बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल. दूरचित्रवाणीनेही रात्री साडेदहाला पडदा पाडावा, असा हुकूम निघाला. हे गीत विक्रीस आले ते ७ डिसेंबरला. येताच ते विक्रीच्या यादीत थेट पहिल्या स्थानी गेले आणि नाताळ उलटून गेल्यावरही, जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाच आठवडे तेथून हलले नाही. आता मला सांगावे की ज्यांनी मेणबत्त्यांचा साठा करतानाच ही तबकडी विकत घेतली, त्यांना आपल्या हालांची खबर नव्हती काय? आक्षेपक असे गृहीत धरतात की स्मृतीने मागाहून सारवासारव केली. परंतु आनंद आणि अंधार हे दोन्ही त्या घरांत त्याच वेळी हजर होते, आणि आजही जो वृद्ध इंग्रज हे सूर ऐकून हेलावतो त्याला मेणबत्तीही आठवते आणि गाणेही. शिवाय या गीताचे ध्रुवपद मागे पाहतच नाही. ते भविष्याकडे बोट दाखवते. म्हणजे ज्याला भूतकाळाचे लोढणे म्हणून हिणवले जाते, त्यात माणसांनी जपून ठेवले आहे ते आपले एकेकाळचे भविष्य, कठीण दिवसांत धरलेली उमेद. ही ओढ खोटी म्हणायची तर उमेदही खोटी म्हणावी लागेल, आणि तेवढे धाडस आक्षेपकांच्या लेखणीत मला दिसले नाही.

बाजारासाठी बेतलेला माल, हा दुसरा शेरा. हे गीत न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट या ध्वनिमुद्रणगृहात ऐन उन्हाळ्यात मुद्रित झाले, ध्रुवपदाला घुमारा यावा म्हणून मंडळी इमारतीच्या बोळात उभी राहून गायली, ही हकीकत आक्षेपकांनी मोठा पुरावा सापडल्याच्या थाटात सांगितली आहे. परंतु आपल्या दिवाळी अंकांतील कथाही पावसाळ्यातच लिहून होतात. तेवढ्यावरून कोणी त्या कथांना अप्रामाणिक म्हटल्याचे ऐकिवात नाही. शब्द लिहिले वाद्यवृंदाचे गायक नॉडी होल्डर यांनी, वॉल्सॉलच्या आपल्या आईवडिलांच्या घरी, एका रात्रीत. ध्रुवपदाची चाल त्यांच्याच, कित्येक वर्षांपूर्वी बाजूला टाकलेल्या एका गीतातली, आणि कडव्यांची चाल त्यांचे वाद्यवृंदातले सहकारी जिम ली यांची. ढोलवादक डॉन पॉवेल तर त्याच जुलैत झालेल्या भीषण मोटार अपघातातून जेमतेम वाचलेले, आणि त्या आघाताने त्यांच्या स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम झालेला. अशा माणसाने ठोके दिलेल्या गीतात केवळ व्यापारी हिशेब पाहायला जी दृष्टी लागते ती मजपाशी नाही, आणि असावी अशी इच्छाही नाही.

हा वाद नवा नव्हे. नाट्यसंगीताबद्दलही हेच बोलले जात असे: ही पदे वृद्धांच्या नि:श्वासांवर तगली आहेत, ते गेले की पदेही जातील. पुष्कळ वृद्ध गेले. १९११ च्या 'मानापमान'मधली गोविंदराव टेंबे यांच्या चालींची पदे मात्र ज्यांच्या आजोबांनीही त्या नाटकाचा पहिला प्रयोग पाहिलेला नाही अशी मुले स्पर्धांतून गातात, आणि भाकीत करणाऱ्यांनी ते अद्याप मागे घेतलेले नाही.

मग या गीतात आहे तरी काय? माझ्या मते त्याचे बळ त्याच्या रचनेत आहे. कडवी बहुतांशी प्रश्नांची आहेत, आणि ते प्रश्न ऐकणाऱ्यालाच विचारलेले आहेत: घरी पाहुण्यांची वाट पाहणे चालले आहे काय, जुनीच गाणी चांगली असे सांगणारी आजी ऐन वेळी उठून नव्या तालावर नाचू लागते काय. जुन्याच्या कैवाराचा हा वाद गीताने १९७३ सालीच उपस्थित करून आजीकडूनच निकालात काढला होता, हे आक्षेपकांच्या नजरेतून निसटले. प्रश्नांमागून येणारे ध्रुवपद असे की बेसूर गळ्यालाही त्यात जागा मिळते. होल्डर यांच्या उंच टोपीवर आरशांच्या चकत्या बसवलेल्या असत आणि त्यांवर पडलेला झोत उलटून प्रेक्षकांच्या तोंडावर जाई. ज्या चमकीला नावे ठेवली जातात ती निदान या एका माणसाच्या डोक्यावर लोकांना उजेडात आणण्यासाठी होती.

उसन्या उसाशांचे उत्तरही यातच आले. १९९० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला १९७३ आठवत नाही, आणि आठवण्याचे कारणही नाही. गीत त्याला त्याच्याच घराविषयी विचारते, आणि त्याची आजी अजून हयात असते.