राहिलेल्या अभ्यासक्रमाचा ताळेबंद

डिसेंबर सरू लागला की बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या बोलण्यात एकच प्रश्न वारंवार येतो : ‘पोर्शन कुठवर आला?’ प्रश्न साधा असतो. परंतु ज्याची काही प्रकरणे मागे राहिली आहेत, त्याला तो झोंबतो. मंडळाची परीक्षा विद्यार्थ्यांची असली, तरी तिच्या आधीचे दोन महिने शिक्षकाचीही कसोटी पाहतात.

अभ्यासक्रम मागे पडतो तो दर वेळी शिक्षकाच्या हयगयीमुळे नव्हे. २०२४ मध्ये बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीस सुरू झाली होती. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीसच सुरू झाली. म्हणजे दहा दिवस आधीच कमी झाले. त्याच शैक्षणिक वर्षात दिवाळीपाठोपाठ २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान आले आणि अनेक शिक्षकांना प्रशिक्षण व मतदान केंद्र यांसाठी वर्ग सोडावा लागला. पुढे स्नेहसंमेलन, पूर्वपरीक्षा आणि तिच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दिवस असे बाहेरून कापले जातात. अपराधाची भावना मात्र शिक्षकाच्याच मनात साठत जाते.

या भावनेतून पहिली गोष्ट घडते ती वेग वाढण्याची. फळ्यावर उदाहरणे भराभर उतरतात, ‘समजले ना?’ हा प्रश्न उत्तराची वाट न पाहता पुढे सरकतो, शंका विचारणारा विद्यार्थी अडथळा वाटू लागतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की काम जितके अवघड, तितका अतिदाब त्याला लवकर मारक ठरतो. शिकवणे हे अवघड काम आहे. घाईत प्रकरण संपते, पण ते केवळ शिक्षकाच्या दैनंदिनीत. पुढच्या बाकावरील मुले शिकवणीच्या आधाराने निभावून नेतात. ज्याला वर्गाखेरीज दुसरा आधार नाही, त्या मुलाच्या माथी ही बाकी बसते.

म्हणून वेग वाढवण्यापूर्वी हिशेब मांडावा. पेढीत वर्षअखेर जवळ आली, की प्रथम येणे-देणे नेमके किती हे कागदावर घेतात. धास्ती ही मोघम रकमेची अधिक असते. समजा, वाणिज्य शाखेच्या पुस्तपालन विषयाची शेवटची चार प्रकरणे राहिली आहेत : विनिमय विपत्रे, कंपनीच्या भागांचे लेखांकन, वित्तीय पत्रकांचे विश्लेषण आणि लेखांकनातील संगणक. नेहमीच्या गतीने त्यांना अनुक्रमे १२, १२, १० आणि ४ असे ३८ तास लागतात आणि हाती केवळ २४ आहेत. चौदा तासांची ही तूट रात्रीची झोप उडवण्यास पुरेशी आहे.

आता प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग करावेत : शिक्षकाशिवाय कळणारच नाही असा नवा विचार; घरी उत्तराशी ताडून करता येईल असा सराव; आणि वाचून समजणारा मजकूर. विनिमय विपत्रांचेच पाहा. विपत्र लिहिणारा ते मुदतीपर्यंत जवळ ठेवतो, बँकेत वटवतो, दुसऱ्याच्या नावे पृष्ठांकित करतो किंवा वसुलीसाठी बँकेकडे देतो. या चार वाटांसाठी दोन्ही पक्षांच्या नोंदी स्वतंत्रपणे शिकवत बसले, तर तास पुरत नाहीत. परंतु वटवणे, पृष्ठांकन वा वसुलीसाठी पाठवणे यांपैकी काहीही झाले, तरी स्वीकारणाऱ्याच्या पुस्तकात त्या वेळी कोणतीच नोंद होत नाही. त्याला मुदतीस पैसे द्यायचे असतात, एवढेच. हे एकदा पक्के झाले, की निम्मा पसारा आवरतो. अशा रीतीने विपत्रांना ७, भागांना ६ आणि विश्लेषणाला ४ तास दिले, संगणकाचे प्रकरण घरी वाचण्यास सांगितले, तर १७ तासांत नवा भाग होतो. उरलेल्या सातांपैकी चार वर्गात पुस्तक मिटून प्रश्न सोडवण्यास द्यावेत. कारण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने अभ्यास अधिक टिकतो. तीन तास राखीव ठेवावेत. जानेवारीत एखादा दिवस अचानक जातोच.

हा हिशेब विद्यार्थ्यांपासून लपवू नये. काय वर्गात होईल आणि काय घरी करायचे, याची एक पानी यादी फळ्याशेजारी लावली, की मुलांचीही धास्ती निवळते. मुख्याध्यापक वा प्राचार्यांनाही तोच कागद दाखवावा. तूट आकड्यांत दिसली, तर जादा तास मिळतो, एखादे कारकुनी काम दुसऱ्याकडे जाते. ‘खूप राहिले आहे’ या तक्रारीला तसे उत्तर मिळत नाही. मात्र जादा तासांनाही मर्यादा हवी. सलग चौथ्या तासाला बसलेला वर्ग ऐकत नसतो आणि बोलणाऱ्याचा घसाही साथ देत नसतो.

उरतो प्रश्न घराचा. शिक्षिका सायंकाळी परतते, तेव्हा तिच्या पिशवीत उत्तरपत्रिका असतात आणि स्वयंपाकघर वाट पाहत असते. घरच्यांनी ‘कशाला एवढे मनाला लावून घेतेस?’ असे म्हणण्यापेक्षा भाजी निवडून द्यावी, गुणांची बेरीज पडताळून द्यावी, रात्री ठरावीक वेळी गठ्ठा बांधून ठेवायला लावावे. जागरणाने दुसऱ्या दिवशीचा तास बिघडतो, हा तोटा वहीत दिसत नाही इतकेच. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, भूक गेली, वर्गात पाऊल टाकण्याचीच भीती वाटू लागली, तर मात्र वैद्यकीय सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी विनामूल्य उपलब्ध आहे.

इतके करूनही एखादे उपप्रकरण राहील. ते राहिले, असे वर्गाला स्पष्ट सांगावे आणि कोठून वाचावे तेही सांगावे. ज्या मुलाला काय येते आणि काय राहिले हे नेमके ठाऊक आहे, तो परीक्षेच्या सकाळी अधिक स्थिर मनाने घराबाहेर पडतो.