शोकाचा जमाखर्च

राम गणेश गडकरी यांनी सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या वयाची ३४ वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात, महिनाभराच्या आत. जानेवारी उजाडला की सावनेरकरांना गडकरी आठवावेत, हे स्वाभाविकच होय.

परंतु १०३ वर्षांनी, २०२२ साली, याच महिन्याने उभ्या महाराष्ट्राला एकामागून एक शोकवार्ता ऐकविल्या. ४ तारखेस सिंधुताई सपकाळ गेल्या, ११ तारखेस अभिनेत्री रेखा कामत, १७ तारखेस प्रा. एन. डी. पाटील, २२ तारखेस गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदार आणि २७ तारखेस डॉ. अनिल अवचट. कोरोनाची तिसरी लाट तेव्हा भरात होती. पुढे ६ फेब्रुवारीस लता मंगेशकर निवर्तल्या आणि त्या महाशोकात आधीचे शोक झाकोळून गेले.

इतकी माणसे एकाच महिन्यात जावीत हा निव्वळ योगायोग. त्यात काळाचा संकेत शोधण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हे शब्द शोकसभांतून आपण सवयीने उच्चारतो. ते आदराचे वाटतात; वस्तुतः ते सोयीचे आहेत. पोकळी भरून येणारच नसेल, तर ती भरण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

वर्ध्याच्या सिंधुताईंचेच पाहा. रेल्वेत गाणी म्हणून पोट भरणाऱ्या या बाईंनी पुढे अनाथ मुलांसाठी घरे उभी केली. भाषण केले तरच रेशन मिळते, असे त्या सभांतून हसत सांगत. त्या विनोदात एक आर्थिक सत्य दडलेले होते. मुलांच्या अन्नाचा भार बव्हंशी एका वाणीवर होता. वाणी थांबली तरी पंगतीतील पाने तेवढीच राहतात. शोकसभांना आलेल्यांपैकी किती जणांनी दरमहाची लहानशी वर्गणी लावून घेतली असेल?

एन. डी. पाटलांच्या कार्याचा हिशेब त्याहून अवघड. साताऱ्यास अर्थशास्त्राचे अध्यापन, शेतकरी कामगार पक्षाचे राजकारण, १९७८ ते १९८० या काळात सहकारमंत्रिपद, रयत शिक्षण संस्थेची धुरा, ही नोंद सोपी आहे. पण वयाच्या ऐंशीनंतर ते कोल्हापूरच्या टोलविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. न भरलेल्या टोलाची पावती मिळत नाही, आणि टळलेल्या भुर्दंडाचे स्मारक कोणी बांधीत नाही. हे काम पुढे चालवायचे, तर सरकारी करारांची कलमे वाचून त्यांतील बोजा सामान्य माणसाला समजावून सांगणारे हवेत. अर्थशास्त्राचे पदवीधर महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या त्यांना येतात. आपल्या नगरपरिषदेचा अर्थसंकल्प मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. यात दोष त्यांचा नव्हे, शिकविणाऱ्यांचा आहे.

कीर्ती शिलेदारांना गाणे मिळाले ते जयराम व जयमाला या मातापित्यांकडून. संगीत नाटक असेच कंठाकंठाने टिकते. आणि तिकीट काढून बसणाऱ्यांमुळेही, हे रसिकांनी विसरू नये.

पोकळी भरून येऊ शकते याचा पुरावा अवचटांनीच मागे ठेवला आहे. १९८६ साली पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. १९९७ मध्ये सुनंदाबाई गेल्या. केंद्र बंद पडले नाही. कन्या मुक्ता यांनी ते सांभाळले, आणि व्यसनातून सुटलेली माणसेच तेथे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. त्यामुळे २०२२ मध्ये अवचटही गेले, तेव्हा केंद्र दुःखात होते, पण निराधार नव्हते.

गडकऱ्यांच्या सुधाकराला, दारूने धुळीस मिळालेल्या त्या वकिलाला, ठोठावण्यासाठी असे दार नव्हते. सुधाकर आणि सिंधू आजही गावोगाव आहेत. २३ जानेवारीस सावनेरात हार घालून झाल्यावर, तालुक्यातील अशा एखाद्या घरी जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता पोचविता येईल. ती घरे कोणती, हे शिक्षकांना वर्गातील मुलांच्या चेहऱ्यांवरूनच ठाऊक असते.