पेंचच्या नहरावरून सायकल जाऊ द्या

फ्रान्समधल्या सायकलींचा विषय निघाला की आपल्याकडे टूर द फ्रान्स आठवते, आल्प्स आणि पिरेनीजमधले घाट आठवतात. पण त्या देशात सुटीवर सायकल घेऊन निघणारी असंख्य कुटुंबे घाटाच्या वाटेला जातच नाहीत. ती नदीचा काठ, कालव्याचा बांध किंवा रूळ उखडलेल्या रेल्वेमार्गाचा भराव धरतात. बरगंडीतला जिव्री ते क्लुनी हा जुना रेल्वेमार्ग 1997 मध्ये सायकली आणि पादचाऱ्यांसाठी खुला झाला. 2004 मध्ये अशा मोटारमुक्त वाटांना तिथल्या वाहतूक नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले. लुआर नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग आज सुमारे 900 किलोमीटरचा आहे. दक्षिणेतला मिदी कालवा तुलूजपासून समुद्राकाठच्या सेतपर्यंत 240 किलोमीटर जातो. तो 1681 मध्ये सुरू झाला. होड्या ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, त्याच काठावरून आता सायकली चालतात. तुलूजजवळ ही वाट गुळगुळीत आहे, पुढे कितीतरी ठिकाणी साधी मातीची आहे, आणि तरी लोक ती सोडत नाहीत. लुआरकाठचा मार्गही अखंड स्वतंत्र बांधलेला नाही. त्याचे मोठे तुकडे खेड्यापाड्यांच्या कमी वर्दळीच्या रस्त्यांवरून जातात. जे आधीपासून होते ते वापरात आणायचे, पाट्या लावायच्या आणि मोटारी दूर ठेवायच्या, एवढेच तिथे प्रामुख्याने केले गेले.

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यात अशी वाट कधीची तयार आहे. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंच नदीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे, म्हणजे नहर, निघतात. नागपूरची तहान, कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रे, पारशिवनी-रामटेक-मौद्याचे धान हे सगळे याच पाण्यावर उभे आहे. प्रत्येक नहराच्या बांधावर पाहणीसाठी सेवारस्ता असतो. मुरमात उमटलेल्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, एका अंगाला पाणी आणि काठावर माजलेली बेशरमाची झुडपे, दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. खात्याची जीप, पाण्याची पाळी लागली की शेतकरी आणि अधूनमधून एखादा ट्रॅक्टर, एवढीच इथली वाहतूक. शिवाय नहराला चढ नसतो. पाणी आपोआप वाहावे म्हणून किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटिमीटरचा उतार देऊन तो आखलेला असतो. म्हणून दप्तराचे ओझे घेतलेली बारा वर्षांची मुलगी आणि भाजीची पोती लादलेला माणूस, दोघांनाही झेपेल असा याच्याइतका सपाट रस्ता तालुक्यात दुसरा सापडणार नाही. हा सेवारस्ता जलसंपदा विभागाने सायकलींसाठी अधिकृतपणे खुला करावा आणि बाहेरच्या मोटारींना बंद करावा, असे माझे म्हणणे आहे. नवी जमीन घ्यायची नाही, नवे डांबर ओतायचे नाही.

त्याची गरज काय, हे तालुक्यातले बाकीचे रस्ते पाहिले की कळते. कन्हान आणि पेंच नद्यांच्या घाटांवरून रेती निघते, गोंडेगाव-इंदरच्या पट्ट्यातून कोळसा निघतो, आणि दोन्ही टिप्परमधून ज्या रस्त्यांवरून जातात त्यांच्याच कडेने पोरे शाळेत जातात. आमडी फाट्याला पोहोचले की समोर राष्ट्रीय महामार्ग 44. देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. अशा रस्त्यावर मुलीला सायकलने पाठवताना आईबापांचा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या जातात. योजना उत्तम आहे, पण सरकार सायकल देते आणि तिच्यापुरता रस्ता देत नाही. 2011 च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले. शेतीबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने जात होते. सायकल ही हौशी लोकांची वस्तू आहे या समजुतीला हा आकडाच उत्तर देतो. हौशी लोकही कमी नाहीत, ही गोष्ट वेगळी. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत कापायचे ‘ब्रेव्हे’ हे फ्रान्समधून आलेले प्रकरण नागपूरकर सायकलपटूंनी मनापासून स्वीकारले आहे. फ्रान्समधली ही शिस्त आपल्याकडे आली, तिथले निवांत रस्ते मात्र आले नाहीत. आपले सायकलपटू महामार्गाच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर, ट्रकच्या वाऱ्यात चालवतात.

आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला पाण्याचा. भरून वाहणाऱ्या नहरात माणूस पडला तर अस्तराच्या तिरप्या, शेवाळलेल्या काठावर हाताला आधार सापडत नाही, आणि दरवर्षी नहरांत बुडून लोक दगावतात. पण लोक आजही त्या बांधावरून जातात, कपडे धुतात, जनावरे पाजतात. वाट अधिकृत नाही म्हणून तिथे सूचनाफलक नाही, पकडायला साखळी नाही, ठरावीक अंतरावर पायऱ्या नाहीत. वाट मान्य केली तर या गोष्टी करणे कुणाची तरी जबाबदारी होते. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा. ज्यांची पांदण पावसाळ्यात चिखलात जाते त्यांना नहराचा रस्ता हाच आधार आहे, तो सायकलवाल्यांसाठी हिरावून घेणार का? मुळीच नाही. ज्याचे शेत नहराला लागून आहे त्याचा ट्रॅक्टर आणि बैलबंडी जशी जाते तशी गेली पाहिजे. रोखायचे आहे ते रेतीच्या टिप्परला आणि महामार्गाचा टोल चुकवणाऱ्या मोटारीला. तोंडाशी कुलूपबंद अडसर ठेवायचा, बाजूने सायकल निघेल एवढी फट ठेवायची आणि किल्ली पाणीवापर संस्थेकडे द्यायची.

या बाबतीत ढिलाई केली तर काय होते ते उत्तर प्रदेशात दिसते. वरच्या गंगा कालव्याच्या पटरीवर आधी एका काठाने कांवड मार्ग झाला, त्यावर मोटारी धावू लागल्या. आता दुसऱ्या काठानेही 111 किलोमीटरचा रस्ता हाती घेतला गेला आणि त्यासाठीच्या झाडतोडीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. पेंचच्या बांधावर डांबर पडले तर इथेही तेच होईल. म्हणून मी मुरूमच मागतो. दाबलेला, पावसाळ्यानंतर एकदा सारखा केलेला मुरूम सायकलला पुरतो, आणि भरधाव मोटारीला तो नकोसा वाटतो हा त्याचा गुणच आहे.

वाघाचा प्रश्न या सगळ्यांहून गंभीर आहे. पेंच व्याघ्र प्रकल्प तालुक्याच्या उत्तर टोकाला आहे. कोलितमाऱ्याकडचे जंगल आणि त्याला लागून असलेली गावे वाघ-बिबट्यांच्या सावटात जगतात. पेंचला 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला, तो मुद्दाम राखलेल्या अंधारामुळे. सायकलींच्या निमित्ताने तिथे दिवे आणि गर्दी नेणे हा वन्यजीवांवर आणि गावकऱ्यांवरही अन्याय ठरेल. त्यामुळे मार्ग पारशिवनीच्या उत्तरेला नेऊ नये. गावापासून दक्षिणेला, जिथे दोन्ही बाजूंना शेती आहे तेवढाच भाग घ्यावा, आणि सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ ठेवावी. तेवढ्यानेही धोका शून्य होत नाही, हे मान्य आहे. पण शाळेची मुले आज टिप्परच्या बाजूने चालतात तो धोका रोजचा आहे.

उन्हाचे काय, असे विचारले जाईल. मे महिन्यात विदर्भात कुणी दुपारी सायकल हाकणार नाही हे खरेच, पण शाळा त्या दिवसांत बंद असतात आणि ऑक्टोबर ते मार्चपर्यंतचे दिवस सायकलला फार चांगले. सावली लागेलच. मिदी कालव्याच्या काठावर सुमारे 42 हजार प्लेन वृक्ष होते. 2006 मध्ये त्यांना बुरशीचा रोग लागला आणि हजारो झाडे तोडावी लागली. एकाच जातीवर भिस्त ठेवल्याची किंमत त्यांनी मोजली. आपल्या अभियंत्यांना भीती वेगळी आहे, झाडांच्या मुळांनी भराव फुटण्याची, आणि ती रास्त आहे. मग बांधावर नको, बांधाच्या पायथ्याशी कडुनिंब, करंज, जांभूळ, आंबा अशी मिश्र लागवड करावी.

राहिला प्रश्न, हे करायचे कुणी. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 खाली नहर आणि त्याचा बांध शासनाच्या ताब्यात आहे, आणि परवानगी देण्यात अधिकाऱ्याला सगळ्यांत मोठी अडचण वाटते ती अपघात झाल्यावर येणाऱ्या जबाबदारीची. फ्रान्समध्ये सुमारे 6,700 किलोमीटर जलमार्ग सांभाळणारी सार्वजनिक संस्था हा पेच करारातून सोडवते. कालवा तिचाच राहतो, काठावरच्या वाटेची देखभाल आणि जबाबदारी स्थानिक शासन उचलते. इथे जलसंपदा विभाग, नागपूर जिल्हा परिषद आणि पारशिवनी नगरपंचायत यांच्यात असा करार होऊ शकतो. मुरूम, अडसर, पायऱ्या आणि फलक यांचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेला जड नाही. नयाकुंडला महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली, पेंचच्या पात्रात घोगरा महादेव आहे. ते पाहायला नागपूरचे सायकलस्वार येतील, चहा-नाश्त्याची दुकाने चालतील. पण पर्यटकांच्या नावाने आराखडा सुरू झाला की कमानी आणि सेल्फी पॉइंट आधी होतात. म्हणून पहिला टप्पा शाळांच्या वाटा पाहून ठरवावा. कोणत्या गावातून किती मुले पारशिवनीला येतात याची यादी मुख्याध्यापकांकडे असते. ती आणि कालव्याचा नकाशा शेजारी ठेवून पाच-सहा किलोमीटरचा तुकडा निवडावा, नहर दुरुस्तीसाठी बंद असेल तेव्हा काम करून घ्यावे आणि जूनमध्ये शाळेची घंटा वाजण्याआधी अडसराची किल्ली पाणीवापर संस्थेच्या हाती द्यावी.