संकर झाला म्हणजे नवी प्रजाती झाली, असे नव्हे



‘लांडगा-कुत्रा संकरातून नवी प्रजाती घडत असेल, तर माणसाने त्यात पडू नये’ हे रविवारच्या पुरवणीतील मत शास्त्राला धरून नाही.

एक, संकरातून प्रजाती घडू शकते. पण संकरित पिढीचे मूळ प्रजातींशी प्रजनन तुटावे लागते. आपल्या पोळीचा गहू तीन गवतांच्या दोन संकरांतून आला. दोन्ही वेळा गुणसूत्रे दुप्पट होऊन ती ४२ झाली, म्हणून तो वेगळा टिकला. लांडगा आणि कुत्रा दोघांचीही गुणसूत्रे ७८. त्यांची पिल्ले प्रजननक्षम असतात आणि पुन्हा लांडग्यांत मिसळतात. यातून नवी प्रजाती घडत नाही, आहे तीच विरघळते.

दोन, लांडगा-कुत्रा संकराला ‘निसर्गाचा प्रयोग’ म्हणणे दिशाभूल आहे. पुण्याजवळच्या माळरानांवरील वेगळ्या, पिवळसर रंगाच्या प्राण्यांची जनुकीय तपासणी होऊन २०२३ मध्ये संकर सिद्ध झाला. कारण आपणच. चाकण परिसरात रस्त्याकडेला रात्री कोंबड्यांची पिसे-आतडी टाकली जातात. त्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. माळरान मात्र ‘पडीक’ ठरवून कारखाने आणि प्लॉटिंगला दिले जाते, म्हणून लांडगे आणि कुत्रे एकमेकांच्या जवळ येतात.

तीन, भारतीय लांडगा ही करड्या लांडग्यांतील अतिप्राचीन शाखा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि मांसकचऱ्याची विल्हेवाट ही ढवळाढवळ नव्हे, आपले कर्तव्य आहे.


एक वाचक, चाकण