पर्समधला मिरची स्प्रे वेळेला चालेल का? घेताना काय बघायचं

चिंचोळी एमआयडीसी : दुसरी पाळी सुटली की कामगार पांगतात. कुणी मोटारसायकलला किक मारतो, कुणी कंपनीच्या गाडीत बसतो. उरलेले सोलापूर-पुणे महामार्गावर येऊन वडापची वाट बघत थांबतात. त्यात बायकाही असतात. फाट्यावर उतरलं की गावापर्यंतचा रस्ता पायी, आजूबाजूला ऊस नाही तर ज्वारी. कंपनीत काही झालं तर वॉचमन आहे, घरी माणसं आहेत. मधल्या एक-दोन किलोमीटरला कुणी नाही.

हा प्रश्न आता जास्त जणींचा होणार आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत महिलांना कामावर ठेवायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून अटींसह ती सैल केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही महिलेची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रपाळी चालते. रात्रीचं काम म्हणजे दोन पैसे जादा, ते कुणाला नको आहेत? पण सुरक्षेची सोय कागदावर किती आणि फाट्यावर किती, हे जिचं तिलाच माहीत. त्यामुळंच आता बऱ्याच पर्समध्ये बोटभर लांबीची मिरची स्प्रेची डबी दिसते.

आपल्याकडं ही कल्पना नवी नाही. सोलापुरात लाल तिखटाला चटणीच म्हणतात आणि डोळ्यात चटणी टाकून लुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. म्हणजे चोरांना हे हत्यार आधीपासून ठाऊक आहे. जुन्या बायकाही ओच्यात पुडी ठेवायच्या. पण पुडी सोडायला दोन हात लागतात, आणि वारा समोरून असला तर सगळी चटणी आपल्याच डोळ्यात. डबी एका हातानं चालते आणि दोन-तीन मीटरवरून मारता येते, म्हणून ती बरी. पण कुठलीही डबी बरी, असं मात्र नाही.

घेताना बहुतेक जण टक्का बघतात. ‘ओसी १५ टक्के’ असं मोठ्या अक्षरात असलं की माल जोरदार वाटतो. ओसी म्हणजे मिरचीचा तेलकट अर्क. तो किती टक्के घातलाय एवढंच त्या आकड्यावरून कळतं, तो किती तिखट आहे ते कळत नाही. मिरची पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ब्याडगी मूठभर घातली तर कालवण लालभडक होतं, पण ठसका लागत नाही. लवंगीच्या चार मिरच्या घातल्या तर घर खोकतं. स्प्रेचंही तसंच आहे. खरा जोर कॅप्सायसिन गटातल्या घटकांचा. चांगल्या डबीवर त्यांचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं आणि ते साधारण १ टक्क्याच्या आसपास असतं. आकडा छोटा दिसतो म्हणून ती डबी बाजूला ठेवू नये. नुसता ओसीचा टक्का आणि वर वाघाचं नाही तर नागाचं चित्र असेल, तर ती ब्याडगी समजावी.

दुसरी गोष्ट फवाऱ्याची, आणि चिंचोळीसारख्या मोकळ्या माळावर ती टक्क्यापेक्षाही मोठी. काही डब्यांतून धुक्यासारखा फवारा निघतो. नेम धरावा लागत नाही, समोरचा सगळा पट्टा व्यापतो. पण जून ते ऑगस्टमध्ये इथं पश्चिमेचा वारा कसा सुटतो हे फाट्यावर उभं राहिलेल्याला विचारा. औषध फवारताना माणूस वाऱ्याकडं पाठ करतो. अंगावर येणारा माणूस मात्र कुठल्या बाजूनं येणार ते सांगून येत नाही. त्यामुळं इथल्यासाठी बारीक धार मारणारी किंवा जेलची डबी चांगली. धार वाऱ्यानं कमी उडते, जेल त्याहून कमी. नेम मात्र धरावा लागतो. डोळ्यांवरून आडवी रेघ ओढायची, एक-दोन सेकंद, की लगेच बाजूला सरकून पळायचं. समोरच्यानं हेल्मेटची काच खाली ओढलेली असेल, तर मात्र धारेचा उपयोग कमीच.

बंद जागेत धुकं फवारलं तर काय होतं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलंय. १३ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगण विधेयकाच्या गोंधळात खासदार एल. राजगोपाल यांनी थेट लोकसभेत मिरची स्प्रे मारला. एवढं मोठं सभागृह, तरी खासदार खोकत बाहेर पळाले, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. मग दहा माणसं भरलेल्या वडापमध्ये काय होईल? ड्रायव्हरचे डोळे मिटले तर गाडी कुठं जाईल?

आणि धोका बंद गाडीतच जास्त असू शकतो. २००७ मध्ये पुण्याजवळ गहुंजे इथं रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीनं पाठवलेल्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानंच अत्याचार करून तिचा खून केला. २५ फेब्रुवारी २०२५ ला स्वारगेट आगारात पहाटे, गावाकडं निघालेल्या तरुणीला गोड बोलून उभ्या शिवशाहीत नेलं गेलं. दोन्हीकडं सुरुवात अंगावर धावून येण्यानं झाली नाही, विश्वासानं झाली. डबीला हे ओळखता येत नाही. गाडीत वापरायची वेळ आलीच तर जेल, तेही जवळून, आणि दार उघडता येईल अशा क्षणी.

आता डबी सांभाळण्याचं. सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ अंशांवर जातो आणि उन्हातल्या स्कूटीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. अशा दाबाच्या डब्यांवर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं, ते उगीच नाही. डबी गळते, दाब जातो, फुटूही शकते. मुदतही बघायची. अर्क टिकतो, पण दाब हळूहळू उतरतो, म्हणून तारीख उलटली की बदलायची. दोन-तीनशे रुपयांचा माल आहे, पाच वर्षं पुरवायचा नाही. नवी आणली की मोकळ्या रानात, वारा पाठीमागं घेऊन एकदा अर्धा सेकंद मारून बघायची. खटका कुठं सरकवायचा, धार किती लांब जाते, हे अंधारात शिकता येत नाही. आणि रस्त्यावर ती हातात पाहिजे. डबा, रुमाल, किल्ल्या यांच्या खाली गेलेली डबी सापडेपर्यंत वेळ निघून जाते.

चुकून स्वतःच्या डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. तिखट तेलकट असतं, नुसत्या पाण्यानं निघत नाही. भरपूर पाण्यानं डोळे उघडझाप करत धुवायचे, चेहऱ्याला साबण लावायचा. जळजळ अर्धा-पाऊण तास राहते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी जास्त जपायचं, आणि लेकराच्या हाताला डबी लागू द्यायची नाही.

कायद्याबद्दल गावात दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो परवाना लागतो, दुसरा म्हणतो कुणावरही मारा, बायकांना सगळं माफ. दोन्ही चूक. विकत घ्यायला आणि जवळ ठेवायला परवाना लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ पासून पुढं स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, पण तो हल्ला होत असताना किंवा होण्याची खरी भीती असताना. भांडणाचा राग काढायला मारला तर गुन्हा होतो. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अशाच एका वादात गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि मिरची स्प्रे हे धोकादायक हत्यार असल्याचं म्हटलं. तेव्हा जमिनीच्या बांधावरच्या भांडणात बायकोची पर्स उघडू नये. सोलापूरहून आता विमानही उडतं, तिथं केबिनच्या बॅगेत ही डबी चालत नाही.

मारल्यावर थांबून बघत बसायचं नाही. उजेडाकडं पळायचं, ओरडायचं, ११२ लावायचं. ढाबा, पेट्रोलपंप, नाही तर जवळच्या कंपनीचं गेट गाठायचं. आणि त्या गेटवर विचारायची गोष्ट वेगळीच आहे : रात्रपाळीची संमती घेताना जो कागद सही करून घेतला, त्यात गाडी फाट्यापर्यंत लिहिली आहे की घरापर्यंत?