आडनाव काय लावता?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावराची जात विचारताना कुणाला संकोच वाटत नाही. लाल कंधारी की देवणी, आणि देवणी असेल तर वानेरा, शेवरा की बालंक्या, हे विचारूनच गिऱ्हाईक पुढचे बोलते. कंधार नांदेड जिल्ह्यातले, देवणी लातूर जिल्ह्यातले. या दोन्ही जाती इथल्याच शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या वळू निवडून घडवल्या. रंग, वशिंड, शिंगे, चाल यांत जो बसत नाही तो वळू बाद, हे काम नेटाने केले तेव्हा कुठे ती जात टिकली.

अडचण होते ती बाजारातला हाच शब्द माणसांना लावला जातो तेव्हा. मुलगा ‘जात्याच हुशार’ असतो, कलाकार ‘जातिवंत’ असतो, पोराने काही केले की ‘खाण तशी माती’ होते. ‘ते त्यांच्या रक्तातच आहे’ हे तर चांगले शिकलेले लोकही सहज म्हणून जातात. बोलणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. पण या प्रत्येक शब्दामागे जीवशास्त्राचा एक दावा दडलेला असतो: गुण-अवगुण जन्माच्या गटाबरोबर येतात. हा दावा तपासता येतो, आणि तो बऱ्यापैकी तपासून झाला आहे.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांना नाकाच्या मापात जातिव्यवस्थेचे गुपित सापडल्यासारखे वाटले होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असे दाखवून दिले. त्याच्याही आधी एक मराठी बाई याच प्रश्नासाठी थेट बर्लिनला पोहोचल्या होत्या. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच त्याच्या बुद्धीची साक्ष देते, ही फिशर यांची अपेक्षा. कर्वेबाईंनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. समोर परीक्षक म्हणून तेच गुरू असताना हे लिहायला काय लागले असेल, याची कल्पना करावी. (भारतात परतल्यावर त्याही माणसांची मापे घेत राहिल्या, हेही खरेच. पण १९६८ साली त्यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ गटांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा एकाच पायरीवरचे गटही जैविकदृष्ट्या एकसारखे नसल्याचे दिसले.)

जनुकशास्त्र आल्यावर उरलेसुरले मुद्देही पडले. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असते. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि हार्वर्डमधील शास्त्रज्ञांनी भारतीयांची जनुके तपासली. आज एकमेकांत सोयरीक न करणाऱ्या जवळजवळ सगळ्याच गटांचे पूर्वज सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मुक्तपणे मिसळत होते, असे त्यांना आढळले. दारे नंतर बंद झाली. वळू निवडावा तशी माणसांत गुणांची निवड कुणी केली नाही. बंद झाली ती फक्त सोयरीक.

तरीही शब्द मात्र जिवंत आहेत. उघड बोलणे आता कायद्याच्या आणि लाजेच्या भीतीने कमी झाले, म्हणून ते वेष बदलून येतात. लातूरच्या उद्योग भवन भागात जूनमध्ये खोली शोधणाऱ्या मुलाला जात कुणी विचारत नाही. ‘आडनाव काय लावता?’, ‘गाव कोणतं?’, ‘गावात घर कुठल्या अंगाला?’ आणि मग ‘आमच्याकडं शाकाहारीच लागतात बरं का’. एवढ्यावर उत्तर मिळते. खोली ‘कालच गेली’ असते. ज्या महाविद्यालयांमुळे लातूर पॅटर्नचे नाव झाले त्यांतले एक राजर्षी शाहूंच्या नावाचे आहे, आणि शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली, याची आठवण त्या गल्ल्यांत कुणाला होत असेल का?

नांदेडात ‘इतवाऱ्याकडचे का?’ हा प्रश्न पत्त्याबद्दलचा नसतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण नाव बदलले की टोमणाही नव्या घरी राहायला जातो. ‘नगरातले आहेत’ असे किंचित सूर ओढून म्हटले की ऐकणाऱ्याला कळायचे ते कळते.

शब्दांनी काय बिघडते, मनात नसले म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायला दिली. निम्मी मुले उच्चवर्णीय, निम्मी दलित. जात न उच्चारता काम दिले तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखीच. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच, मुले तशीच, कुणी कुणाला अपशब्द वापरला नाही. दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. आपले काम सरळपणे मोजले जाईल हा विश्वासच गेला, असा संशोधकांचा अर्थ. आता शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी भर वर्गात यादी वाचणारा शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. त्या गुरुजींच्या मनात काही नसेलही. महिनाभरावर नीट आलेल्या मुलीला त्याचा उपयोग काय?

दवाखान्यात याचे वेगळे रूप दिसते. ‘डॉक्टर कोट्यातले आहेत का?’ ही चौकशी रुग्णाचे नातेवाईक कुजबुजत करतात आणि तिला ‘मेरिट’ची काळजी म्हणतात. सवलत असते ती प्रवेशाच्या दारात. एमबीबीएसच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे गुण आरक्षणातल्या आणि खुल्या विद्यार्थ्याला सारखेच लागतात. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ उत्तरपत्रिकेवर जात पाहत नाही. शिवाय व्यवस्थापन किंवा अनिवासी भारतीय कोट्यातून, कमी गुणांवर आणि भरमसाट शुल्कावर झालेल्या डॉक्टरबद्दल हीच चौकशी कुणी केल्याचे ऐकिवात नाही. मेरिटची काळजी पैशाच्या कोट्यापाशी झोपी जाते. तिच्या पोटात काय आहे ते यावरून ओळखावे.

मग डॉक्टरने समाज विचारूच नये का? इथे ‘आम्हाला जातपात माहीत नाही’ असे म्हणून हात झटकणेही परवडणारे नाही. पिढ्यानपिढ्या सोयरीक एकाच गटात राहिली की काही आनुवंशिक दोष त्या गटात साचतात, आणि त्याला वर-खाली असे काही नसते. नांदेड-देगलूर पट्ट्यात व्यापारात पुढे असलेल्या आर्य वैश्य समाजात एका विकराची कमतरता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. अशा रुग्णाला भूल देताना एक विशिष्ट औषध दिले तर स्नायू बराच वेळ शिथिल राहतात आणि श्वास यंत्रावर चालवावा लागतो. किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे, पण तो ग्रीसमध्ये आणि अरबस्तानातही आहे. तो हिवतापाच्या मागोमाग गेला, वंशाच्या नाही.

या दोन्ही ठिकाणी आडनावापेक्षा घरचा इतिहास जास्त कामाचा. ‘मावशी, तुमच्या घरात कुणाला ऑपरेशननंतर शुद्धीवर यायला, श्वास घ्यायला फार वेळ लागला होता का?’ हा प्रश्न भूलतज्ज्ञाने प्रत्येकाला विचारावा. दुसऱ्या धर्मात, दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या घरालाही तो लागू पडतो, आणि आडनावावरून समाज ओळखण्यात होणारी चूक टळते. सिकलसेलच्या शिबिरात रांगेतल्या सगळ्यांचे रक्त तपासावे. ‘आदिवासी इकडे, बाकीचे तिकडे’ अशी आरोळी देऊ नये. निकालाचे कार्ड हातात देताना नावापुढे जात मोठ्याने वाचायचे तर काहीच कारण नाही. गेल्या काही वर्षांत शाळा-आश्रमशाळांत या तपासण्या वाढल्या आहेत. तिथे आरोग्यसेविकेने आजार समजावून सांगताना ‘तुमच्या लोकांत हा असतोच’ म्हटले, की पोरगी कार्ड दप्तरात तळाशी लपवते आणि पुढच्या तपासणीला येत नाही.